टाकीतला गंज आणि जुनं लायनिंग: काय काढायचं, कशाने, आणि नंतर काय

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांची यामाहा आरएक्स १०० मोटरसायकल बिल्डिंगखाली बरीच वर्षं उभी होती. कधीतरी कुणीतरी पेट्रोलच्या टाकीला आतून लायनिंग (गंज-गळती रोखायला लावलेला राळेचा थर) मारलं होतं. आता गाडी चालू केली की दोन-चार किलोमीटरवर मिसिंग मारून बंद पडते आणि कार्बोरेटर खोलला की तांबूस भुकटी व नखाएवढे पापुद्रे निघतात. मेकॅनिक म्हणतो, ॲसिड मारू आणि वरून पुन्हा लायनिंग करू. टाकीचा मूळ रंग आणि पट्टे तुम्हाला वाचवायचे आहेत. तर हे करावं का, आणि घरी जमेल का?

माझं मत आधीच सांगतो. मेकॅनिक म्हणतो ते जहाल ॲसिड नको, आणि जुन्यावर नवं लायनिंग तर मुळीच नको. जुनं लायनिंग पूर्ण काढा, मग गंज काढा, टाकी नीट वाळवा, तेल फिरवा आणि तशीच वापरा. लायनिंग हा भोक पडलेल्या टाकीचा इलाज आहे, गंजलेल्या टाकीचा नाही. परळच्या माझ्या गॅरेजमध्ये जुन्या यझदी, बुलेट, आरएक्स येतात, त्यांतल्या बहुतेक टाक्यांचं दुखणं गंजापेक्षा गंजावर चढवलेल्या लायनिंगचंच असतं. तुमच्या टाकीत नेमकं किती करावं लागेल हे मात्र ती आतून बघितल्याशिवाय कुणीही सांगू शकणार नाही. पत्रा किती उरलाय यावर सगळं आहे.

म्हणून आधी निदान. पेट्रोल काढून, कॉक (टाकीखालचा पेट्रोलचा नळ) खोलून टाकी एक दिवस उघडी ठेवा, मग तोंडातून छोटा एलईडी टॉर्च आत सोडून बघा. नुसता वरचा तांबूस थर दिसला तर काम सोपं आहे. लायनिंगला फुगे आलेले दिसले, कडा सुटून वर वळलेल्या दिसल्या, तर खाली गंज चालूच आहे असं समजा. कार्बोरेटरच्या वाटीत सापडलेला एक पापुद्रा बशीत घ्या आणि त्यावर ॲसिटोनचे (थिनरसारखा पेट घेणारा द्रव) दोन-चार थेंब टाका. दहा-पंधरा मिनिटांत तो च्युइंगमसारखा मऊ पडला तर नशीब चांगलं, ते लायनिंग ॲसिटोनने निघेल. नुसताच थोडा फुगला आणि बोटाने मोडताना अजून कडक लागला, तर तो पक्का एपॉक्सी (कडक वाळणारी राळ) आहे आणि तुम्हाला जास्त वेळ लागणार. पापुद्रा उलटा करून मागची बाजूही बघा. तिथे तांबूस भुकटी चिकटलेली असेल तर ज्याने लायनिंग मारलं त्याने गंज न काढताच मारलं होतं.

बहुतेक वेळा तसंच असतं. ओल्या भिंतीवर डिस्टेंपर मारल्यासारखं ते काम. पहिली दोन वर्षं छान दिसतं, मग एका कडेने पेट्रोल आणि पाणी खाली शिरतं, आणि आता त्या पाण्याला बाहेर पडायला वाटच नसते. उघड्या पत्र्यावरचा गंज निदान दिसतो तरी.

त्यात भर पडली इथेनॉलची. २०२३ पासून ई-२० (वीस टक्के इथेनॉल असलेलं) पेट्रोल पंपांवर यायला लागलं आणि आता जवळपास सगळीकडे तेच मिळतं. १९८५ ते १९९६ मध्ये बनलेल्या आरएक्सच्या काळात पेट्रोलमध्ये एवढं इथेनॉल असण्याचा प्रश्नच नव्हता, आणि त्या बेताने बनवलेली जुनी लायनिंगं इथेनॉलपुढे मऊ पडतात. दुसरं म्हणजे इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. थोडं पाणी ते पोटात सामावून घेतं, पण मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाला जाऊन बसतात. तो तळाचा थर पत्रा खातो. टाकीला मध्ये चॅसिसवर बसण्यासाठी बोगदा असतो. त्याच्या दोन्ही बाजूंच्या खोलगट भागांत आणि वेल्डिंगच्या शिवणीवर हा थर साचतो, कारण कॉकची नळी थोडी वर उभी असते आणि तिच्याखालचं कधीच बाहेर येत नाही. भोकं पडतात ती बहुधा तिथेच.

मुंबईत अर्धी भरलेली टाकी उभी ठेवणं म्हणजे गंजाला आमंत्रण. दिवसा टाकी तापते, हवा बाहेर जाते, रात्री थंड होते, दमट हवा आत येते आणि वरच्या पत्र्याला घाम सुटतो. म्हणून तुमच्या टाकीचं छतही गंजलेलं असणार. तळाकडेच बघत बसू नका, छोटा आरसा आत धरून वरचा भागही बघा.

आता घरी जमेल का? जमेल, पण घरात नाही. पेट्रोल भरलेल्या टाकीपेक्षा नुकतीच रिकामी केलेली टाकी जास्त धोकादायक, कारण तिच्यात पेट्रोलची वाफ आणि हवा दोन्ही असतात. ही वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीवरून सरपटत पुढच्या खोलीपर्यंत जाते आणि तिथे गॅस गीझर किंवा देवघरातलं निरांजन असेल तर पुढचं सांगायला नको. बाथरूममध्ये टाकी धुणारे लोक मी पाहिलेत. कृपा करून करू नका. गच्ची किंवा कंपाउंडचा मोकळा कोपरा बघा, सेक्रेटरीला आधी सांगून ठेवा. ॲसिड, ब्लीच, थिनर ही मंडळी एकमेकांत मिसळायची नाहीत, आणि एकाच्या अवशेषावर दुसरं ओतायचंही नाही. मधे भरपूर पाणी.

लायनिंग काढायला पहिला हात ॲसिटोनचा. टाकीचं झाकण काढा (त्याचा धातू आणि रबर दोन्ही खराब होतात), कॉकच्या जागी रबराच्या तुकड्यावर पत्र्याची चकती बोल्टने आवळा. बाहेरचा रंग वाचवायचा असेल तर तोंडाभोवती दोन-तीन थर प्लास्टिक फिल्म आणि वर मास्किंग टेप, आणि शेजारी पाण्याची बादली व फडकं. ॲसिटोनचा एक ओघळ रंगावर गेला तर तो लगेच पाण्याने पुसायचा, पाच मिनिटांनी पुसून उपयोग नाही. आत दोन-तीन लिटर ॲसिटोन पुरतं, टाकी भरायची गरज नाही. तोंड बंद करून टाकी एका कुशीवर ठेवा, काही तासांनी दुसऱ्या कुशीवर, मग उलटी. अधूनमधून तोंड हळूच सैल करून दाब सोडा, आणि हे सगळं सावलीत. उन्हात ठेवलेली ॲसिटोनची बंद टाकी फुगते.

पहिल्या खेपेला गढूळ चिखल निघतो, दुसऱ्या खेपेला पापुद्रे. पापुद्रे तोंडातून लांब चिमट्याने ओढून काढा, हलवून हलवून कॉकच्या भोकातून पाडायला गेलात तर दिवस जाईल. जुनं ॲसिटोन बरणीत निवळत ठेवलं की गाळ तळाला बसतो आणि वरचं पुन्हा वापरता येतं. ते गटारात ओतू नका. गाळ जुनं ऑईल जमा करणाऱ्या गॅरेजला द्या.

ॲसिटोनने दाद दिली नाही तर रंगाच्या दुकानात मिळणारा पेंट रिमूव्हर. त्यातल्या काही डब्यांत मिथिलीन क्लोराइड असतं. ते एपॉक्सीला उचलतं, पण त्याची वाफ बंद जागेत माणसाला बेशुद्ध करते आणि शरीरात गेल्यावर तिचा कार्बन मोनॉक्साइड बनतो. अमेरिकेत घरगुती वापरासाठी रंग काढायला ते विकायला बंदी आहे. साधे रबरी किंवा निळे हातमोजे त्याच्यापुढे काही मिनिटंही टिकत नाहीत. वापरायचंच झालं तर वाऱ्यात, थोडं थोडं आणि एकटे असताना नाही. मी स्वतः शक्यतो ॲसिटोनच्या तीन-चार खेपा करतो आणि उरलेले हट्टी डाग तसेच सोडतो, जर ते नखाने खरवडूनही सुटत नसतील तर. जे इतकं घट्ट चिकटलंय ते पडून कॉकमध्ये येणार नाही. ज्याची कडा सुटली आहे ते मात्र एक इंचही ठेवायचं नाही.

लायनिंग गेलं की लगेच गंजाकडे वळू नका. मधे धुणं आहे. जुन्या पेट्रोलचा डिंकासारखा थर आणि टूटी ऑईलचा (टू-स्ट्रोक इंजिनचं तेल) तेलकटपणा पत्र्यावर असतो, त्याखाली आम्ल पोहोचतच नाही. गरम पाण्यात धुण्याचा सोडा आणि भांडी घासायचं लिक्विड टाकून टाकी जोरात हलवा, ओता, परत. आत ओतलेलं स्वच्छ पाणी पत्र्यावर थेंब न धरता सपाट पसरलं की तेल गेलं.

गंजाचे जाड थर असतील तर याच टप्प्यावर आत काहीतरी टाकून हलवायचं. आपल्याकडे पद्धत खडीची. खडीचा चुरा शिवणीत अडकतो म्हणून मला ती आवडत नाही. नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात किलोवर मिळणारे छोटे नट किंवा स्क्रू बरे. मोजून टाका, मोजून काढा, शेवटचे दोन कोपऱ्यात लपलेले असतात ते चुंबकाने येतात. टाकी गोधडीत गुंडाळून हलवली तर बाहेरच्या रंगाला टवके जात नाहीत. पत्रा पातळ झाल्याची शंका असेल तर हा प्रकार वगळा.

मग सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व. तुमच्या टाकीला पुड्यांनी भागणार नाही, किलोने घ्या. प्रिन्सेस स्ट्रीटच्या केमिकलच्या दुकानांत सहज मिळतं. लिटरला ७० ते १०० ग्रॅम, पाणी हात जेमतेम सोसेल इतकं गरम, आणि टाकी अगदी काठोकाठ भरा. अर्धी भरून हलवत राहायचं नाही, कारण जिथे द्रावण आणि हवा मिळतात त्या रेषेवर पत्र्याला नवा गंज धरतो. तोंड घट्ट बंद करू नका, आत हायड्रोजनचे बारीक बुडबुडे निघत असतात. रात्रभर ठेवा, सकाळी थोडं ओतून आत बघा. द्रावण हिरवट-पिवळं झालेलं असेल, पत्रा राखाडी. अजून तांबडं दिसलं तर ओतून द्या आणि ताजं भरा. तेच द्रावण चार दिवस ठेवण्यात अर्थ नाही, गंज संपला की ते चांगला पत्रा खायला लागतं. मूळ टाकीला आतून जस्ताचा मुलामा असेल तर तोही यात जातो, पण तुमच्या टाकीत तो आता उरला असेल असं वाटत नाही.

तुमच्या मेकॅनिकचं ॲसिड म्हणजे बहुधा संडास धुण्याचं, म्हणजे हायड्रोक्लोरिक. ते वीस मिनिटांत गंज काढतं, खोटं नाही. पण तितक्याच झपाट्याने पत्राही खातं, शिवणीतली जुनी डागकामं उघडी पाडतं आणि दुमडलेल्या पत्र्यात शिरलेलं क्लोराइड कितीही धुतलं तरी थोडं राहतंच. आठवड्याभरात टाकी पुन्हा तांबडी होते ती त्यामुळे. शिवाय त्याच्या वाफेने शेजारच्या भिंतीवर टांगलेले लोखंडी पानेसुद्धा गंजतात. फॉस्फोरिकवाले रस्ट रिमूव्हर त्याहून खूप चांगले. ते पत्र्यावर फॉस्फेटचा पातळ थर सोडतात. बजेट असेल तर सायट्रिकनंतर शेवटचा हात त्यांचा द्या.

बॅटरी चार्जर लावून इलेक्ट्रोलिसिस करावं का, हेही तुम्ही विचारलंय. चालतं. सोड्याच्या पाण्याने टाकी भरायची, टाकीला निगेटिव्ह, आत कशालाही न टेकता लोंबणाऱ्या लोखंडी सळईला पॉझिटिव्ह. उलटं जोडलं तर सळईऐवजी टाकी झिजते. सळई स्टीलची, म्हणजे स्टेनलेसची, कधीच वापरू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. चार्जर बंद केल्याशिवाय क्लिप काढायची नाही, वर हायड्रोजन जमलेला असतो. या पद्धतीचा एक फायदा असा की अर्धवट सुटलेलं लायनिंग कडांवरून उचललं जातं. तोटा असा की सळईला समोर दिसणारा पत्राच साफ होतो. बोगद्यामागचे कोपरे तसेच राहतात, आणि खरी अडचण तर तिथेच आहे. म्हणून माझं झुकतं माप लिंबूसत्त्वाला.

आता तो भाग, ज्यावर सगळी मेहनत टिकते किंवा वाया जाते. आम्ल ओतून दिल्यावर उघडा पडलेला पत्रा हवेला भुकेला असतो. पावसाळ्यात तर तोंडाच्या कडेवर डोळ्यांदेखत केशरी छटा चढताना दिसते. त्यामुळे आम्ल ओतण्याआधी पुढचं सगळं सामान हाताशी पाहिजे: खाण्याच्या सोड्याचं पाणी, उकळत्या पाण्याची दोन मोठी पातेली, ब्लोअर, टूटी ऑईल. आम्ल ओता, लगेच सोड्याचं पाणी, फेस थांबेपर्यंत हलवा, ओता. एक स्वच्छ पाण्याचा हात. मग उकळतं पाणी टाकीत भरा, पत्रा बाहेरून हाताला चटका देईल इतका तापू द्या, आणि झटक्यात उलटी करा. तापलेला पत्रा स्वतःचं पाणी स्वतः उडवतो. वर तोंडातून ब्लोअरची हवा, कॉकचं भोक उघडं ठेवून. इथे काही लोक वाळवायला आधी ॲसिटोन फिरवतात आणि मग हेअर ड्रायर लावतात. ड्रायरच्या लालबुंद तारेसमोर ॲसिटोनची वाफ, विचार करा. गरम पाणी वापरलंत तर ॲसिटोनची गरजच नाही.

कोरडं झालं की लगेच पाव लिटर टूटी ऑईल टाकून टाकी सगळ्या अंगांनी फिरवा. छत विसरू नका. तुमची गाडी टू-स्ट्रोक, उरलेलं ऑईल पेट्रोलबरोबर जळून जाईल, पहिला दिवस धूर जरा जास्त काढेल इतकंच.

हे सगळं डिसेंबर ते फेब्रुवारीत करा. हवा त्यातल्या त्यात कोरडी असते. जुलैत कुणी टाकी घेऊन आलं तर मी लायनिंग काढून देतो, पण गंज काढायचं काम दिवाळीनंतर करू म्हणतो. अगदीच घाई असेल तर गोष्ट वेगळी.

टाकी साफ झाली तरी गाडी लगेच नीट चालेल असं नाही. पापुद्र्यांचा चुरा आधीच कार्बोरेटरमध्ये गेलाय. कॉक नवा टाका, जुन्याची जाळी फाटलेली असणार. पायलट जेट (कार्बोरेटरमधली बारीक भोकाची छोटी नळी) काढून कार्ब क्लीनर आणि हवेने साफ करा, तार घालू नका, भोक मोठं झालं की आयडलिंग कायमचं बिघडतं. मधल्या नळीत पारदर्शक फिल्टर लावा, पण अति बारीक कागदाचा नको. पेट्रोल नुसत्या उताराने येतं, बारीक फिल्टरमध्ये चढावर गाडी उपाशी राहते. पहिल्या महिन्यात फिल्टरमध्ये थोडी काळी भुकटी दिसेल, घाबरू नका. पापुद्रा दिसला तर मात्र कुठेतरी लायनिंग राहिलंय.

यानंतर टाकी पेट्रोलने भरलेली ठेवा. पावसाळ्यात दोन-तीन महिने गाडी काढायचीच नसेल तर उलट, पूर्ण रिकामी करून तेल फिरवून ठेवा, कारण ई-२० इतके दिवस टाकीत ठेवण्यासारखं नाही. झाकणाचं रबर बघा, कडक झालं असेल तर पाणी तिथूनच आत जातंय.

लायनिंग कधी करावं, तर अंधाऱ्या खोलीत साफ केलेल्या टाकीत टॉर्च सोडल्यावर बाहेर प्रकाशाचा ठिपका दिसला तर. एक-दोन ठिपके शिवणीवर असतील तर आधी ब्रेझिंग (पितळेचं डागकाम) करून घ्या, पण टाकी पाण्याने भरून किंवा धुऊन वाफ काढूनच काम करणाऱ्याकडे. त्या उष्णतेने तिथला रंग जाणार, हे मनाशी धरून चला. ठिपक्यांची रांगच असेल तर नवं लायनिंग किंवा दुसरी टाकी. लायनिंग घेताना इथेनॉलला टिकतं असं डब्यावर लिहिलंय का ते वाचा, नुसत्या दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. पातळ थर, जास्तीचं पूर्ण ओघळून काढायचं, आणि डब्यावर लिहिलेले दिवस वाळू द्यायचं. बाजारात मिळणाऱ्या डुप्लिकेट टाक्यांचा पत्रा बहुधा पातळ असतो आणि बसवताना बोगदा घासतो. चोर बाजारात किंवा कुर्ल्याला मूळ टाकी मिळाली तर बरी, पण तिच्याही पोटात टॉर्च घालूनच पैसे द्या.

आधी कॉक खोला आणि बोगद्याच्या दोन्ही कुशींतला पत्रा टॉर्चच्या उजेडात फोटो काढून इथे टाका, बशीतल्या पापुद्र्याचं काय झालं तेही लिहा. ॲसिटोन किती लिटर आणायचं ते त्यावरून सांगता येईल.